धाकट्यांचं साडेतीन लिटर ऑइल

धाकटे छप्पन्न वर्षांचे होते, डोक्यावरचे केस मोजून घ्यावेत इतकेच उरले होते, आणि तरीही सगळी गल्ली त्यांना धाकटेच म्हणायची. यात त्यांचा काही दोष नव्हता. थोरला भाऊ सगळ्या गल्लीचा दादा, मग हे दुसरे काय होणार? दूधवाला धाकटे म्हणायचा, हॉस्पिटलातले वॉर्डबॉय धाकटे म्हणायचे, हजेरीच्या रजिस्टरातसुद्धा कोणीतरी त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने तसंच लिहून ठेवलं होतं. चार महिन्यांपूर्वी दादा गेले. आता थोरलाच नाही तर धाकटा कसला, हा प्रश्न कोणाला पडला नाही आणि धाकट्यांनी तो कोणाला विचारला नाही. कोणाला काही विचारणाऱ्यांतले ते नव्हतेच.

घर दोन मजल्यांचं. वर दादा आणि वहिनी, खाली धाकट्यांची एक खोली, आणि खोलीला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये दोघा भावांच्या मालकीची गाडी. ती घेतली तेव्हाच जुनी होती, आणि घेऊनही आता एकोणीस वर्षं झाली होती. धाकट्यांचं लग्न झालं नाही. स्थळं येत नव्हती असं नाही. पण प्रत्येक वेळी काही ना काही खोट निघायची, आणि ती बहुतेक वेळा धाकट्यांतच निघायची. मुलीकडची माणसं तासभर बोलून जायची आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारायची, मुलगा काही बोलला का हो? पाच-सहा वेळा असं झाल्यावर दादांनी तो नाद सोडला. मग जेवण वर आणि झोप खाली असा कारभार सुरू झाला, आणि तो तीस वर्षं बिनबोभाट चालला.

धाकटे हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. या कामात हाडांपेक्षा चेहऱ्यांचाच संबंध जास्त येतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. ‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा’ म्हणून झालं की पेशंट आधी काचेतून तुमच्या तोंडाकडे बघतो. तुमची भुवई जराशी वर गेली की तो शर्टाची बटणं लावायची विसरतो. सांगायचं ते डॉक्टरांनी. फोटो काढणाऱ्याने तोंडातून ब्र काढायचा नाही आणि तोंडावर तर काहीच दिसू द्यायचं नाही, हे धाकट्यांना पहिल्याच आठवड्यात बजावण्यात आलं होतं. त्यांना ते मुळीच जड गेलं नाही. माणूस आधीच घुमा, त्यात नोकरीने शिक्का मारला. फोटोत फुफ्फुसं पांढरीफटक आलेली असोत की मणका दुभंगलेला असो, धाकट्यांचा चेहरा पोस्टाच्या पेटीसारखा. आत काय पडलंय याचा बाहेर पत्ता नाही.

अकरा महिन्यांपूर्वी दादा खोकला घेऊन आले, तेव्हा त्यांचा फोटोही धाकट्यांनीच काढला. पडद्यावर उजव्या बाजूला डाग होता. तसल्या डागाचा अर्थ कळायला तीस वर्षांची नोकरी लागत नाही, तीन महिन्यांची पुरते. दादा उघड्या अंगाने यंत्रापाशी उभे होते. त्यांनी विचारलं, “काय रे, ठीक आहे ना?” धाकटे म्हणाले, “शर्ट घाल.” एवढंच. पुढे डॉक्टर बोलले, तपासण्या झाल्या, औषधं झाली, सात महिने गेले आणि दादाही गेले. त्या पडद्यासमोर धाकट्यांच्या आत जे बधीर झालं ते अजून तसंच होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं. दाताचं बधीरपण निदान दोन तासांत उतरतं.

दादा गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. दूधवाला ओक्साबोक्शी रडला. दादा आयुष्यभर कारखान्यात लेथवर होते. तिथले सगळे टर्नर आले आणि कोपऱ्यात उभे राहून रडले. समोरच्या घरातला, ज्याच्याशी दादांचं गाडी लावण्यावरून कायम वाजायचं, तोसुद्धा डोळे पुसत होता. धाकटे खुर्च्या मांडत होते. कमी पडल्या तेव्हा शेजारून आणत होते, कोणी उठलं की त्याची खुर्ची ओळीत सरळ करत होते. संध्याकाळी माणसं पांगल्यावर वहिनी त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“भाऊजी, तुमचा सख्खा भाऊ गेला हो,” त्या म्हणाल्या. “दूधवाला रडला. तुमच्या डोळ्यांतून टिपूस नाही. काळीज आहे की काय आहे तिथे?”

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, असं धाकट्यांना नंतर रोज वाटायचं. पण त्या वेळी त्यांनी हातातली खुर्ची मिटली आणि भिंतीला लावली. वहिनी वर निघून गेल्या. तेव्हापासून वर जेवण वेळेवर मिळत होतं, मीठ-तिखट जागच्या जागी होतं, पण बोलणं मात्र ‘वाढलंय’ आणि ‘झालं’ या दोन शब्दांवर येऊन थांबलं होतं. आणि आता वहिनी मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. कायमच्या. उद्या सकाळी सहाला, स्वतः गाडी चालवत, चारशे किलोमीटर. त्यांच्या चालवण्याची काळजी नव्हती. वहिनींनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं आणि गाडीही त्या तशीच चालवायच्या, एकही पायरी न गाळता. दोघा भावांपेक्षा किती तरी बरी.

धाकट्यांना एकच गोष्ट नको होती. वहिनींनी ते वाक्य मनात घेऊन जायला नको होतं. लोकांनी आपल्याला दगड म्हटलं तर त्यांची हरकत नव्हती, गल्लीने काय वाटेल ते म्हणावं. पण दादाचा भाऊ दगड होता असं वहिनींनी मुलीच्या घरी बसून उरलेलं आयुष्य समजत राहावं, हे त्यांना सोसवणार नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, कधीकधी त्यांना स्वतःलाच वाटायचं की बाई खरं बोलली. आत हात घालून बघावं तर खरंच काही नसेल. तोंडाने सांगणं तर जमणार नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं, गाडीचं ऑइल आणि फिल्टर बदलून द्यायचं. दादा असते तर इतक्या लांब जायच्या आधी त्यांनी हेच केलं असतं. उत्तर म्हणून हे पुरेल की नाही ते माहीत नव्हतं, पण धाकट्यांजवळ दुसरं उत्तर नव्हतं.

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला ते शेडमध्ये उतरले.

या गाडीचं ऑइल एकोणीस वर्षांत बाहेरच्या माणसाने कधी बदललं नव्हतं. दादांचा तसा हट्टच होता. गॅरेजवाले नट इतका आवळतात की आटे जातात, असं त्यांचं म्हणणं, आणि जन्मभर आटे पाडण्याचंच काम केलेल्या माणसाशी आट्यांवरून कोण वाद घालणार? काम दोघांत वाटलेलं होतं. दादा गाडीखाली, धाकटे वर. दादा पाठीवर पडून ऑइलच्या चेंबरचा नट काढायचे, जुनं ऑइल घमेल्यात सोडायचे, फिल्टर बदलायचे, नवं वायसर घालून नट परत लावायचे, आणि मग पान्याने चेंबरवर हलकेच दोनदा ठोकायचे. ठक ठक. म्हणजे नट बसला, आता ओत. ठोकल्याशिवाय ओतायचं नाही, हा एकच नियम दादांनी घालून दिला होता. वर बॉनेटपाशी धाकटे नरसाळं बसवून, डबा धरून उभे. ठक ठक झालं की साडेतीन लिटर ऑइल एका धारेत आत, एक थेंब न सांडता. या सगळ्यात दोघं एक अक्षर बोलायचे नाहीत. वर्षातून असे दोन रविवार यायचे. धाकट्यांना ते फार आवडायचे, पण आवडतात असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

शेवटचं ऑइल दादांनी आजारपणातच बदललं होतं. नको म्हटलं तरी ऐकले नाहीत. खाली मधूनमधून खोकल्याचा आवाज यायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. धाकटे वर थांबून राहिले. ठक ठक नेहमीपेक्षा पुष्कळ उशिरा आली, पण आली.

आज दोन्ही कामं एकट्याची होती. धाकट्यांनी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं, ऑइल गरम होऊन पातळ व्हावं म्हणून. दादांनी जाड फळ्यांचे दोन उतार करून ठेवले होते. त्यांवर पुढची चाकं चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. इंजिन जरा निवेपर्यंत वाट बघितली. मग दादांचा पुठ्ठा अंथरला आणि पाठीवर पडून, टाचांनी जमीन रेटत गाडीखाली सरकले. पुठ्ठा जुन्या फ्रिजच्या खोक्याचा होता आणि त्यावर दादांच्या पाठीचा काळपट आकार उठला होता. धाकट्यांचे खांदे त्या आकारात सैल बसले. आता काहीतरी वाटेल म्हणून त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही. पाठीला एक खडा टोचत होता, तो त्यांनी काढून बाजूला टाकला.

खालून गाडी ओळखू येत नव्हती. एकोणीस वर्षं ज्या गाडीत बसलो तिचं पोट असं असतं, हे त्यांना आजच कळत होतं. सतरा नंबरचा पाना त्यांनी नटाला लावला आणि आधी उलट्याच बाजूला जोर दिला; उताणं पडल्यावर डावं-उजवं उलटं होतं, हे वरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? मग बाजू बदलली. नट सुटला, आणि शेवटचा आटा सुटताना काळंभोर ऑइल घमेल्यात पडण्याआधी मनगटावरून गेलं. चांगलंच गरम होतं. गरम आहे, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग थोड्या वेळाने हात मागे घ्यायला हवा हेही लक्षात आलं. नट पुसून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला, कारण दादाही नट खिशातच टाकायचे.

धार बारीक झाली, मग थेंब पडू लागले. थेंबांना वीस मिनिटं द्यायची असतात. तेवढ्यात त्यांनी फिल्टर सोडवला. जुना फिल्टर काढताना त्याचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघितलं; नव्याच्या रबराला थोडं ऑइल चोळलं आणि तो हातानेच घट्ट बसवला, पाना न लावता. प्रत्येक पायरी त्यांनी दादांच्या तोंडून ऐकलेली होती आणि प्रत्येक पायरी बरोबर केली. मग भरलेलं घमेलं सांभाळून बाहेर ओढलं, कोपऱ्यात सरकवलं, पुठ्ठा काढून घेतला, हात चिंधीला पुसले.

आणि मग ते बॉनेटपाशी आले, आपल्या जागेवर. झाकण काढलं, नरसाळं बसवलं, डब्याचं सील फोडलं, डबा दोन्ही हातांनी उचलून धरला आणि उभे राहिले.

किती वेळ उभे होते ते त्यांना सांगता आलं नसतं. रस्त्यावरून एक सायकल गेली. समोरच्या घरात मिक्सर सुरू होऊन बंद झाला. हात भरून आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण कशाची तरी वाट बघतोय, आणि मग कशाची तेही लक्षात आलं. गाडीखाली कोणी नव्हतं. ठोकायला कोणी नव्हतं. धाकटे स्वतःशीच ओशाळले. छप्पन्न वर्षांचा माणूस रिकाम्या शेडमध्ये डबा धरून उभा आहे, कोणी पाहिलं तर काय म्हणेल? त्या ओशाळलेपणात त्यांनी घाईघाईने डबा कलता केला आणि ओतायला सुरुवात केली.

ठोकायला माणूस नाही, हे त्यांना आठवलं. ठोकणं कशासाठी असायचं, हे मात्र आठवलं नाही. या गाडीचा नट त्यांनी आजवर एकदाही लावला नव्हता. त्यांच्यापुरता तो नेहमी लागलेलाच असायचा.

एका धारेत, एक थेंब न सांडता ते ओतत राहिले. डबा अर्ध्यावर आला तेव्हा खालून नळ गळत असल्यासारखा आवाज येत होता. तो त्यांनी ऐकला आणि ऐकून सोडून दिला. डब्यातले शेवटचे थेंब नरसाळ्यात निथळेपर्यंत ते थांबले. मग पायाच्या बोटांना काहीतरी लागलं म्हणून त्यांनी खाली बघितलं. मधाच्या रंगाचं स्वच्छ नवं ऑइल त्यांच्या चपलांखालून निघून शेडच्या दाराकडे चाललं होतं. अजिबात घाई नव्हती त्याला. धाकट्यांनी शर्टाच्या खिशाला हात लावला. नट तिथेच होता.

अशा वेळी माणूस कपाळावर हात मारतो, स्वतःला शिव्या घालतो, काही नाही तर निदान चुकचुकतो. धाकटे रिकामा डबा धरून उभे राहिले. उद्याचा दिवस त्यांनी या साडेतीन लिटरवर ठेवला होता आणि ते सगळं फरशीवर पसरलं होतं, हे त्यांना दिसत होतं, समजतही होतं. दुसऱ्या कोणाचा फोटो बघावा तसं.

जिन्यावर चपला वाजल्या.

“काय हो भाऊजी, आहात ना तिथे? केव्हाची मी वर…” वहिनी बोलत बोलत दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या, कारण ऑइल उंबऱ्याला लागलं होतं. “अगं बाई! हे काय?”

“नट लावायचा राहिला.”

“तुमच्याकडून राहिला? कुलूप लावल्यावर तीन-तीनदा ओढून बघणारे तुम्ही!”

“दादाने ठोकलं नाही,” धाकटे म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच जरा उशिरा ऐकू आलं.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. “ठोकलं नाही म्हणजे? ती ठक ठक?”

“नट बसला की तो खालून ठोकायचा. मग मी ओतायचो.”

“नटाची होती ती?” वहिनी म्हणाल्या. “अहो, मी ती चहाची समजायची! वर ऐकू यायची ना. मला वाटायचं, हे खालून सांगतायत, चहा टाक. एकोणीस वर्षं मी त्या ठक ठकवर आधण ठेवत आलेय. आणि वर चिडायची, की हाक मारायला तोंड नाही का या माणसाला!”

हे खरं होतं. ऑइल ओतून, पट्टी काढून पातळी बघून होतेय तोच वहिनी चहाचे कप घेऊन जिना उतरायच्या, दर वेळी, मिनिटाचाही फरक न करता. दोघे भाऊ एकमेकांकडे बघायचे. गणिताची बाई आहे, असं दादा कौतुकाने म्हणायचे.

“आज दीड तास झाला,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. “पातेल्यात पाणी घालून ओट्यापाशी उभी आहे. गॅस काही पेटवला नाही. का पेटवत नाहीये, तेच मला कळेना. म्हणून खाली आले.”

धाकट्यांनी डबा खाली ठेवला. वहिनींनी पदर खोचला, कोपऱ्यातली जुन्या वर्तमानपत्रांची चळत उचलली आणि अर्धी धाकट्यांच्या हातात दिली. “दाराकडून सुरुवात करा. मधून केलंत तर पसरेल.”

दोघं उकिडवी बसून पुसू लागली. कागद अंथरायचा, ऑइल प्यायला की गोळा करून पोत्यात टाकायचा, पुन्हा नवा अंथरायचा. मग धाकट्यांनी एक कागद अंथरला, त्याच्या कडा सरळ केल्या आणि म्हणाले, “वहिनी, दादाचा तो डाग पहिल्यांदा मी बघितला होता.”

“ठाऊक आहे मला,” वहिनी वर न बघता म्हणाल्या.

धाकट्यांचा हात थांबला.

“त्याच दिवशी घरी आल्या आल्या ते म्हणाले, काहीतरी वाईट निघालंय. मी म्हटलं, कोणी सांगितलं? म्हणाले, धाकट्याने. मी म्हटलं, काय म्हणाला तो? तर म्हणाले, शर्ट घाल म्हणाला.” वहिनींनी हातातला कागद चुरगाळला. “म्हणाले, काही नसतं तर तो म्हणाला असता, काही नाही, उगाच आलास, घरी जा. आणि मग माझं सोडून तुमचीच काळजी करत बसले. म्हणाले, पोराला आता हे पोटात घेऊन दिवसभर लोकांचे फोटो काढायचेत.”

धाकट्यांनी भिजलेला कागद पोत्यात टाकला.

“मला राग याचाच आहे, भाऊजी. तुमचं न बोललेलं सगळं त्यांना वाचता यायचं. मला नाही येत. ते होते तोवर मला त्याची गरजच पडली नाही, ते सांगायचे ना, आज धाकट्याचं बिनसलंय, आज खुशीत आहे स्वारी. आता मला कोण वाचून दाखवणार? तुम्ही समोर बसून जेवता आणि मला भिंतीला वाढल्यासारखं वाटतं. म्हणून निघाले मी. मुलीची ओढ आहे, नाही असं नाही. पण खरं कारण हे आहे.”

इथे काहीतरी बोलायला हवं होतं. धाकट्यांना ते अगदी स्पष्ट कळत होतं. आत्ता, याच क्षणी, एक वाक्य. ते शोधत राहिले, आणि सापडत नाही म्हणून नवा कागद उचलला. वहिनींनी एक सुस्कारा टाकला, गुडघ्यांवर हात देत उठल्या, आणि रिकामा डबा फिरवून त्यावरचा नंबर वाचला.

“हेच आणायचं ना? मी कोपऱ्यावर जाऊन येते. तुम्ही असे गेलात तर दुकानदार पोलिसांना बोलवेल.”

धाकट्यांनी स्वतःकडे बघितलं. कोपरापर्यंत काळे, गुडघ्यापर्यंत सोनेरी. वहिनी गेल्या. वीस मिनिटांत तोच नंबर, तेवढाच डबा घेऊन परत आल्या. तोपर्यंत फरशी बऱ्यापैकी कोरडी झाली होती आणि पुठ्ठा पुन्हा गाडीखाली गेला होता.

“खाली तुम्ही जा, माझ्या कमरेला ते झेपायचं नाही,” वहिनी म्हणाल्या. “मी ओतते. पण एक सांगून ठेवते, ठोकायचं-बिकायचं नाही हं. तुम्ही ठोकलंत तर मी सवयीने चहा करायला निघून जाईन. नट बसला की तोंडाने सांगा, ओता म्हणून. एवढा एक शब्द बोला.”

“हो,” धाकटे म्हणाले आणि गाडीखाली सरकले.

खिशातून नट काढला. नवं वायसर घातलं. आटे वाकडे जाऊ नयेत म्हणून नट आधी बोटांनीच फिरवत नेला, टेकल्यावर पाना लावला आणि आवळला, बेताने, दादा म्हणायचे तसा. मग हात लावून बघितला. पुन्हा लावून बघितला. नट बसला होता. काम झालं होतं. गाडीच्या कडेखाली वहिनींची दोन पावलं दिसत होती, एका चपलेला ऑइल लागलेलं.

“झालं का?” वरून आवाज आला.

ओता, असं म्हणायचं होतं. अक्षरं दोन. धाकट्यांनी तोंड उघडलं. रोज शंभर माणसांना श्वास घ्या नि सोडा सांगणारा तो गळा, त्यातून हवा तेवढी आली, शब्द आला नाही. त्यांनी पाना छातीवर ठेवला, गिळून बघितलं, पुन्हा तोंड उघडलं. या जागेवरून ओत म्हणणारा माणूस दुसरा होता. तो एकोणीस वर्षं इथे, या पुठ्ठ्यावर, या काळोखात पडून वर धाकट्यांना सांगत आला होता, की बसलाय, ओत, काळजी करू नकोस. आणि आता तो नव्हता. कुठेच नव्हता. खालीही नव्हता आणि वरही नव्हता.

कानाला काहीतरी ओलं लागलं. वरून ऑइल ठिबकतंय असं त्यांना आधी वाटलं, आणि त्यांनी हात वर करून नट चाचपला. नट कोरडा होता. मग दुसरा कानही ओला झाला. उताणं पडलेल्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी गालावर येत नाही, ते सरळ कानांत जातं, हे धाकट्यांना छप्पन्नाव्या वर्षी कळलं. त्यांनी दात घट्ट दाबून धरले, आवाज होऊ नये म्हणून. आवाज झाला नाही. पण गाडीबाहेर राहिलेले त्यांचे पाय हलायला लागले होते, आणि ते त्यांना आवरता येत नव्हते.

“भाऊजी? ओतू का?”

वहिनींची पावलं जागची हलली नाहीत. मग डबा जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला, आणि त्या डब्याशेजारी, तेलकट फरशीवर, वहिनी स्वतः खाली बसल्या. गाडीखाली वाकून त्यांनी बघितलं नाही. नुसत्या बसून राहिल्या.

“राहू दे,” बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. “कळलं मला.”

आणि मग थोडं थांबून म्हणाल्या, “मुलीला फोन करते. उद्या नाही निघत मी.”